साखर बावन्न आली, कोणी जागे आहे का?

रात्रीचे पावणेतीन वाजले होते. मोबाईलवर निरोप आला, ‘शुगर ५२ आली. पोरगी घामाने भिजली, हातपाय थरथरतात. कोणी जागे आहे का?’

निरोप पाठविणारी बाई जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. नवरा ऊसतोडीला गेलेला. घरात ती, म्हातारी सासू आणि नऊ वर्षांची मुलगी. गावात डॉक्टर नाही आणि रात्री तालुक्याला जायला वाहन नाही. एक मिनिटही झाले नसेल, चंद्रपूरकडच्या दुसऱ्या एका आईचे उत्तर आले, ‘ताई, घाबरू नका. तीन चमचे साखर थोड्या पाण्यात कालवून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मी जागी आहे.’ पंधरा मिनिटांनी आकडा आला ७८. मग नाशिकच्या एका बापाने लिहिले, ‘आता थोडी भाकर-दूध द्या, नाहीतर पहाटे पुन्हा उतरेल. चार वाजता एकदा बघा.’ सव्वातीनला शेवटचा निरोप आला, ‘झोपली. तुम्हीबी झोपा आता.’

या तिघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही. कोणी कोणाची जात विचारली नाही. टाइप १ मधुमेह झालेले मूल घरात आहे, एवढीच त्यांची ओळख. त्या ओळखीवर एका मुलीची रात्र निभावली. आज आम्ही वाचकांपुढे हाच विषय ठेवणार आहोत, कारण अशी मुले आमच्या वस्त्यांत आहेत आणि आम्हाला त्यांचा पत्ता नाही.

आम्ही तिथे कसे पोहोचलो?

आम्ही डॉक्टर नाही. आमचा धंदा वकिलीचा. २०१९ सालच्या जूनमध्ये एक बाप आमच्या कार्यालयात आला. भिंती रंगविण्याचे काम करणारा. त्याची मुलगी सहावीत होती आणि तिला टाइप १ मधुमेह होता. शाळेने त्याच्या हातात चिठ्ठी दिली होती. मुलगी शाळेत सुई टोचून घेते, बाकीची मुले घाबरतात, तरी पालकांनी तिला घरी ठेवावे किंवा दुसरी व्यवस्था करावी, असा त्या चिठ्ठीचा आशय. आम्ही संतापलो. संविधानाचे कलम २१-अ, शिक्षण हक्क कायदा २००९, मानसिक छळास मनाई करणारे त्यातले कलम १७, असे सगळे घालून आम्ही रात्रीच नोटीस तयार केली.

दुसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा आला आणि म्हणाला, ‘जयभीम वकीलसाहेब. नोटीस दोन दिवस थांबवा. आमच्या ग्रुपमधल्या एका ताईने वेगळे सांगितले आहे.’ त्या ताईने त्याला डॉक्टरांचे पत्र घ्यायला सांगितले होते. एका कागदावर मोठ्या अक्षरात चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. मुलीला घाम आला, ती चिडचिड करू लागली, बोलणे अडखळू लागले तर साखर द्या, एकटी सोडू नका आणि या नंबरवर फोन करा. मग तिने स्वतः मुख्याध्यापिकाबाईंशी अर्धा तास फोनवर बोलून त्यांची समजूत घातली. बाईंना वाटत होते की हा आजार इतर मुलांना लागेल! त्यांना आजवर कोणी काही सांगितलेच नव्हते. सोमवारपासून मुलगी शाळेत गेली. वर्गशिक्षिकेच्या खणात ग्लुकोजचा पुडा आला. आमची नोटीस अजून फायलीत आहे.

कायदा लागत नाही, असे आम्ही म्हणत नाही. तो कुठे लागतो ते पुढे सांगूच. पण आम्हाला जे जमले नसते ते सातवी शिकलेल्या एका आईने केले, हे कबूल केले पाहिजे. त्या बापानेच मग आम्हाला त्या ग्रुपमध्ये घेतले. तेव्हापासून आम्ही तिथे मुख्यतः वाचतो आणि शिकतो.

हा कोणता मधुमेह?

‘शुगर’ म्हटले की आमच्या लोकांना पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस आठवतो. लहान मुलाला शुगर झाली म्हटले की लोक आईला विचारतात, ‘फार गोड खाऊ घातले का?’ हा प्रश्नच चुकीचा आणि क्रूर आहे. टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. आईच्या हयगयीने होत नाही. कोणाच्या नजरेने किंवा करणीने तर मुळीच होत नाही. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच उलटते आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. इन्सुलिन नसले की खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात साठते, पण पेशींना मिळत नाही. भरल्या ताटापुढे मूल उपाशी मरावे, तसा प्रकार. अशा मुलाला बाहेरून इन्सुलिन द्यावे लागते, रोज आणि आयुष्यभर. गोळीने भागत नाही, काढ्याने भागत नाही, कारल्याच्या रसाने भागत नाही.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालात वीस वर्षांखालील अशा मुलामुलींची भारतातील संख्या सुमारे २ लाख २९ हजार दिली होती. जगात सर्वाधिक. हा अंदाज आहे आणि त्यात निदान न होताच गेलेली मुले धरलेली नाहीत. त्यांची नोंद कोणत्या वहीत होणार?

अशा एका मुलाबद्दल आम्हाला सांगायचे आहे. २००४ साली आमच्या वस्तीत सात वर्षांचा एक मुलगा होता. दोन महिन्यांत तो वाळला. सारखे पाणी मागायचा. रात्री अंथरूण ओले करू लागला. एवढा मोठा झाला तरी अंथरुणात मुततो म्हणून बापाने त्याला मारले. मग उलट्या सुरू झाल्या, पोट दुखू लागले, श्वास धापा टाकल्यासारखा चालू लागला. घरच्यांनी आधी भगताकडे नेले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे घडले, हेही लिहिले पाहिजे. मग एका दवाखान्यात नेले. तिथे पोटाचे औषध आणि सलाईन दिले. तिसऱ्या दिवशी मुलगा गेला. आम्ही त्या मयताला होतो. त्रिशरण-पंचशील आम्हीच म्हटले.

पंधरा वर्षांनी त्या ग्रुपमध्ये एका आईने आपल्या मुलाची सुरुवातीची लक्षणे लिहिली. भयंकर तहान, वारंवार लघवी, सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओले होणे, वजन उतरणे, थकवा. नंतर उलट्या, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. ते वाचले आणि तो मुलगा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याला मधुमेहच होता असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. पण त्याच्या बोटातून रक्ताचा एक थेंब काढून कोणी साखर तपासली नाही, हे शपथेवर सांगू शकतो. ती तपासणी एका मिनिटात होते. आमच्या वस्तीत कार्यकर्ते होते, शिकलेली माणसे होती, आम्ही होतो. ही पाच लक्षणे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हती.

एका डॉलरचा शोध

शंभर वर्षांपूर्वी या आजाराला औषधच नव्हते. मुलाला जेमतेम जगण्यापुरते खायला घालायचे आणि त्याचा सापळा होताना पाहायचे, एवढाच उपचार होता. १९२१ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. ते साधले नाही, औषध अशुद्ध होते. मग जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध केले आणि त्याच महिन्यात दुसऱ्यांदा दिल्यावर मुलाची साखर उतरली. मरणाच्या दारातला मुलगा पुढे तेरा वर्षे जगला.

१९२३ साली नोबेल पुरस्कार बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाला. बँटिंग यांनी आपल्या रकमेतील निम्मा वाटा बेस्ट यांना दिला, मॅक्लिऑड यांनी कॉलिप यांना. आणि पेटंटचे काय केले? शोधकर्त्यांनी ते विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन देऊन टाकले. औषध कोणाच्या मक्तेदारीत अडकू नये, हा त्यामागचा हेतू. आज जगातले बहुतांश इन्सुलिन तीन मोठ्या कंपन्यांच्या हातात आहे. मूळ शोध एका डॉलरचा, पण मजुराच्या मुलाला महिन्याची बाटली आणि रक्त तपासण्याच्या पट्ट्या घेताना घर गहाण पडण्याची पाळी येते. दिवसातून चार वेळा तपासायचे म्हटले तर महिन्याला १२० पट्ट्या लागतात. कित्येक घरांत औषधापेक्षा पट्ट्या महाग पडतात आणि मग आई अंदाजाने सुई देते. अंदाज चुकला की पावणेतीन वाजता निरोप येतो.

१४ नोव्हेंबर हा बँटिंग यांचा जन्मदिवस. तोच जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे तोच बालदिन. शाळेत त्या दिवशी मुलांना गोळ्या-चॉकलेट वाटतात. ज्या मुलाला ते आधी मोजून, सुई घेऊन खावे लागते, त्याची आठवण त्या दिवशी किती शाळांत होते?

बाबासाहेबांचे इन्सुलिन आणि माईसाहेब

हा आजार आमच्या वाचकांना परका वाटू नये, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेह होता. त्यांचा मधुमेह प्रौढ वयातला, मुलांच्या मधुमेहाहून वेगळा. पण इन्सुलिनची सुई त्यांच्याही वाट्याला आली होती. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असतानाच्या त्या काळात पाय दुखायचे, झोप लागायची नाही. आपली काळजी घेईल अशी, वैद्यकीय ज्ञान असलेली जोडीदार हवी, ही गरज त्यांनी जवळच्या सहकाऱ्यांना कळविली होती. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच आमच्या माईसाहेब. औषध, इंजेक्शन, पथ्य, विश्रांती हे सारे त्यांनी पाहिले. बाबासाहेबांच्या अखेरच्या आठ-नऊ वर्षांतले प्रचंड काम आजारी शरीराने झाले आहे आणि त्या शरीरामागे एक सांभाळणारी बाई होती.

त्या बाईला आम्ही काय दिले? १९५६ च्या ६ डिसेंबरनंतर माईंवर नाही नाही ते आरोप झाले. चौकशी झाली, आरोपात तथ्य निघाले नाही. तरीही वर्षानुवर्षे त्यांना समाजापासून दूर राहावे लागले. २००३ साली त्या गेल्या. हा इतिहास उगाळण्यासाठी आम्ही लिहीत नाही. सांभाळणाऱ्या माणसावरच संशय घेण्याची आपली सवय किती जुनी आहे, हे दाखविण्यासाठी लिहितो. आज टाइप १ मधुमेह झालेल्या मुलाची आई हेच सोसते. ‘तुझ्या माहेरचा रोग’, ‘तूच नीट खाऊ घातले नाहीस’, ‘पोरीला सुया टोचतेस, हिचे लग्न कसे होणार?’ रात्री दोनला उठून साखर तपासणारी तीच आणि दिवसा बोलणी खाणारीही तीच. तिला आधार कोण देणार?

एकमेकांचे एकमेकांना

हा आधार पालकांनी स्वतः उभा केला आहे. डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटे भेटतो. उरलेला सारा महिना आईबाप आणि मूल यांचा. त्या काळात पडणारे प्रश्न डॉक्टरांच्या पुस्तकात नसतात, दुसऱ्या आईच्या अनुभवात असतात. उपवासाच्या घरी मूल गेले तर काय करायचे? जत्रेत दिवसभर चालल्यावर इन्सुलिन किती कमी करायचे, हे डॉक्टरांना कसे विचारायचे? मुलगी सुई लपवून ठेवते, रडते, तेव्हा काय बोलायचे?

जगभर हेच घडले आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील जॉन कॉस्टिक या अभियंत्याच्या चार वर्षांच्या मुलाला २०१२ साली हा मधुमेह झाला. अंगावर लावलेल्या यंत्राचा आकडा मुलाजवळच दिसे, बाप कामावर. २०१३ साली त्याने स्वतः संगणकाची आज्ञावली लिहून तो आकडा आपल्या फोनवर आणला. महत्त्वाचे हे की त्याने ती विकली नाही, दुसऱ्या आईबापांना फुकट दिली. त्यांनी ती सुधारली, आणखी पुढे दिली. हजारो घरे त्यावर जोडली गेली. त्या एक डॉलरच्या पेटंटचेच हे वंशज म्हणायचे.

आपल्या देशातही माणसे आहेत. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ड्रीम ट्रस्ट सुरू करून गरीब घरच्या अशा मुलांना इन्सुलिन आणि शिक्षण देण्याचे काम उभे केले. पुण्याच्या नूपुर लालवाणी यांची ब्लू सर्कल डायबिटीस फाउंडेशन आणि अहमदाबादच्या जॅझ सेठी यांची डायबेस्टीज फाउंडेशन ही तर स्वतः टाइप १ मधुमेह असलेल्या मुलींनी उभी केलेली कामे. मोबाईलवरून एकमेकांना धीर देणे हा त्यांच्या कामाचा गाभा. आजारी मूल मोठे होऊन दुसऱ्या आजारी मुलाला सांगते, ‘मी जगले, शिकले, तूही जगशील.’ याच्याइतके मोठे औषध कोणते?

आमच्या छोट्या ग्रुपमध्ये काय शिकविले जाते, याचे दोनच नमुने देतो. पहिला, टोपणाच्या रंगाचा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीत एका मिलिलिटरला ४० युनिट, दुसरीत १००. चाळीसच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, शंभरच्या बाटलीला नारिंगी टोपणाची. शंभरच्या बाटलीतले औषध चुकून लाल टोपणाच्या सिरिंजने ओढले आणि दहाच्या खुणेपर्यंत भरले, तर मुलाच्या अंगात दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात. अडीचपट! तेवढ्याने मूल बेशुद्ध पडू शकते. दुकानदार घाईत कोणतीही सिरिंज देतो. त्यामुळे नव्या आईला आमच्या ग्रुपमधला पहिला निरोप असतो, ‘ताई, बाटली आणि सिरिंज दोन्हीचा फोटो टाका.’

दुसरा नमुना मडक्याचा. इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचे असते, पण बर्फ होऊ द्यायचे नसते. ज्या घरात फ्रीज नाही तिथे काय करणार? एका मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवायचे, मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवायची आणि लहान मडक्यात बाटली ठेवून वर ओले फडके टाकायचे. फ्रीजइतका गारवा येत नाही, पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरातही वापरातली बाटली उष्णतेपासून वाचते. हे ज्ञान एका कुंभारणीच्या सुनेने ग्रुपला समजावून सांगितले. तिचाच मुलगा पेशंट.

आणि २०२० ची टाळेबंदी आम्ही विसरू शकत नाही. एका तालुक्यातल्या दुकानांत इन्सुलिन संपले. एका मुलाकडे दोन दिवसांचे उरले. ग्रुपवर निरोप फिरला. पन्नास किलोमीटरवरच्या एका घरात न फोडलेली बाटली निघाली. दुधाच्या टेम्पोला परवानगी होती. थर्मासात बर्फ, बर्फावर कापड, कापडात बाटली अशी ती दुधाबरोबर पोहोचली. त्या दिवशी त्या दोन घरांमध्ये सरकार नव्हते, टेम्पोवाला होता.

आंधळा विश्वास नको

या साधनाची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही वाचकांची फसवणूक करू. ग्रुप म्हणजे दवाखाना नव्हे. एका मुलाचा डोस दुसऱ्याला चालत नाही. मूल बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये, ते श्वासात अडकते. अशा वेळी निरोप टाइप करीत बसू नये, १०८ ला फोन करावा. उलट्या आणि जलद श्वास असेल तरीही थेट रुग्णालय.

दुसरा धोका भोंदूंचा. जिथे घाबरलेले आईबाप जमतात तिथे गिधाडेही जमतात. ‘इन्सुलिन कायमचे बंद’ अशी जाहिरात करणारे चूर्ण, तेल, यंत्र, मंत्र विकणारे रात्रंदिवस निरोप पाठवितात. टाइप १ च्या मुलाचे इन्सुलिन बंद करणे म्हणजे त्याला काही दिवसांत मृत्यूच्या दारात नेणे होय. अशी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय कायद्याखाली गुन्हा आहे. मधुमेह बरा करण्याचा दावा त्या कायद्याच्या यादीत स्पष्टपणे आहे. आमच्या ग्रुपमधून अशा माणसाला त्याच क्षणी काढले जाते.

तिसरी गोष्ट मुलांच्या अब्रूची. मदत मागताना आईबाप मुलाचे नाव, फोटो, शाळा सगळे टाकतात. ते निरोप पुढे कुठे जातात, कोणालाच माहीत नसते. मुलगी मोठी झाल्यावर तिला कोणाला काय सांगायचे, हे तिने ठरवायचे आहे. आज आपण तिच्या वतीने साऱ्या गावाला सांगून मोकळे होऊ नये.

चौथी, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा आधार ज्याच्या हातात मोबाईल, मोबाईलमध्ये पैसे आणि वाचता येणारी भाषा आहे त्यालाच मिळतो. बहुतेक चांगली माहिती इंग्रजीत आहे. मोबाईल घरातल्या पुरुषाकडे असतो, तो कामावर जातो आणि मूल आईजवळ असते. ऊसतोडीच्या फडात, वीटभट्टीवर, शहराच्या फुटपाथवर जे मूल आहे, त्याच्यापर्यंत हा निरोप जात नाही. ज्यांना सर्वांत आधी पोहोचायला हवे ते सर्वांत शेवटी. आपल्या देशात प्रत्येक गोष्टीचे असेच होते, हे आम्ही वाचकांना वेगळे सांगायला नको.

सरकार सुटत नाही

आईबाप एकमेकांना सांभाळतात म्हणून सरकारने हात झटकावेत, हे चालणार नाही. संविधानाच्या कलम ४७ प्रमाणे सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्यांपैकी एक आहे. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार वेळेवर न देणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. मग जे औषध एक दिवस चुकले तरी जीव धोक्यात येतो, ते सरकारी दवाखान्यात ‘संपले आहे, पुढच्या आठवड्यात या’ असे कसे सांगता येते? इन्सुलिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. यादीत आहे आणि कपाटात नाही, याला काय म्हणायचे?

सरकारी विमा योजनांचा भर रुग्णालयात दाखल झालेल्यांवर आहे. म्हणजे मूल बेशुद्ध होऊन दाखल झाले तर खर्चाची सोय होऊ शकते, पण ते बेशुद्ध होऊ नये म्हणून लागणारी रोजची बाटली आणि पट्टी बापाने विकत घ्यायची! हा कोणता हिशोब? केरळात सरकारने अशा मुलांसाठी ‘मिठायी’ नावाची योजना चालविली आणि मोफत इन्सुलिन, तपासणीचे साहित्य, शिक्षण एकत्र दिले. गोड खायला घाबरणाऱ्या मुलांच्या योजनेला मिठाईचे नाव देणारे सरकार असू शकते. महाराष्ट्राने ते का करू नये?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांची यादी केली. त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार आले. टाइप १ मधुमेहाचे नाव त्यात घातले गेले नाही. काही पालकांना आपल्या मुलावर दिव्यांगाचा शिक्का नको आहे, तोही विचार समजण्यासारखा आहे. पण परीक्षेत वेळ, प्रवासात सवलत, शाळेत सोय यासाठी कायद्याचा आधार हवाच. केंद्रीय मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, फेब्रुवारी २०१७ मध्ये परिपत्रक काढून अशा विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळे, खाणे आणि पाणी नेण्याची मुभा दिली. २०२३ साली राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने राज्यांना लिहिले आणि उत्तर प्रदेशाने शाळांना तसे आदेशही दिले. आपल्या मुलाच्या मंडळाचा नियम काय, हे पालकांनी डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह परीक्षेच्या आधी लेखी विचारावे आणि पोच घ्यावी. तोंडी विचारले की तोंडीच नाही मिळते. लेखी अर्जाला लेखी उत्तर द्यावे लागते.

आणखी एक कायदा आमच्या लोकांना ठाऊक नसतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मूल अत्यवस्थ असेल तर या खाटेची मागणी करा. नाकारले तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा.

आपण काय करायचे?

मोठमोठे ठराव आम्हाला मांडायचे नाहीत. चार साधी कामे सांगतो. विहाराच्या, अभ्यासिकेच्या, अंगणवाडीच्या भिंतीवर पाच लक्षणे मराठीत लिहा. तहान, लघवी, ओले अंथरूण, उतरलेले वजन, थकवा. खाली एकच ओळ लिहा, ‘आजच साखर तपासा.’ आशाताईंना आणि शिक्षकांना बोलावून एकदा हे समजावून द्या. आपल्या वस्तीत असे मूल असेल तर त्याच्या आईला दोष देऊ नका, तिला पालकांच्या एखाद्या ग्रुपशी जोडून द्या. तिच्याकडे मोबाईल नसेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलाने तिचा निरोप लिहावा आणि उत्तर वाचून दाखवावे. आणि जे डॉक्टर झालेले आमचे तरुण आहेत, त्यांनी आठवड्यातून एक तास या मराठी ग्रुपांना द्यावा, म्हणजे आईबापांच्या अनुभवाला शास्त्राची जोड मिळेल. बाबासाहेबांच्या सुईची आठवण ठेवून एवढे तरी करता यावे.

जालन्याकडची ती मुलगी आता चौथीत आहे. मागच्या महिन्यात रात्री दीड वाजता ग्रुपवर एका नव्या आईचा निरोप आला. मुलाला आठच दिवसांपूर्वी निदान झालेले, ती रडत होती, सुई हातात धरवत नव्हती. त्या बाईला पहिले उत्तर त्या मुलीच्या आईचे गेले, ‘ताई, घाबरू नका. मला पण असंच झालतं. बाटलीचा आणि सिरिंजचा फोटो टाका. मी जागी आहे.’

२००४ साली आमच्या वस्तीतला तो बाप पोराला मारण्याआधी कोणाला तरी विचारू शकला असता, तर त्याला उत्तर देणारे कोणी जागे नव्हते. आम्हीसुद्धा झोपलो होतो. आता ते कारण सांगता येणार नाही.

जयभीम!